पन्नाशीतल्या पोहण्याला हसणाऱ्यांना उत्तर

"पट्टीचा पोहणाराच बुडतो." पोहायला शिकायचं मनावर घेतलेल्या मोठ्या माणसाला आमच्याकडे आधी हे ऐकावं लागतं. मग "आता ह्या वयात?" आणि त्यापाठोपाठ, छातीठोकपणे, "द्या ढकलून पाण्यात, आपोआप येतं." ही वाक्यं बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक घरचीच असतात. पण त्या बोलण्यामुळे किती जणी आणि किती जण तलावाच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले, ते मी पाहिलं आहे. म्हणून हा प्रतिवाद.

अंजनवेलचा माणूस हा विषय काढतो तेव्हा बाहेरच्याला नवल वाटतं. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर आमचं गाव. पलीकडे दाभोळ, डोक्यावर गोपाळगड, टोकाला टाळकेश्वर आणि त्याचं दीपगृह, शेजारी मच्छीमारांचं वेलदूर. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट सुटते, तिच्यात गाड्या चढतात, माणसं चढतात. अशा ठिकाणी पोहायला शिकवायचं कुणाला, असा प्रश्न येतो. मी सांगतो कुणाला. त्याच फेरीबोटीत कठड्यापासून चार हात लांब, मधोमध बसणाऱ्या बायकांना. ओहोटीला खाडीत कमरेभर पाण्यात उभं राहून तिसऱ्या वेचणाऱ्यांना, ज्यांची सगळी मदार पायाखालच्या ठावावर असते. मुंबईत जन्म काढून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या चाकरमान्यांना, ज्यांच्या घराच्या मागच्या दारी विहीर आहे आणि पुढच्या दारातून खाडी दिसते. पाण्याजवळ राहिल्याने पोहता येत नाही. जुन्या काळी गलबतांवर आयुष्य काढणाऱ्या कितीतरी युरोपी खलाशांनाही पोहता येत नसे. आमच्याकडे मुलगे विहिरीत, व्हाळात, खाडीत शिकले, कारण त्यांना दुपारभर उंडारायची मुभा होती. त्यांच्या बहिणी काठावर कपडे धूत होत्या. तीच मुलं आज साठीला आली आणि सांगतात, "आमच्या गावात सगळ्यांना पोहता येतं." त्यांच्या "सगळ्यांत" बहिणी नसतात.

आता "पट्टीचा पोहणारा". या म्हणीचं वजन लोक उगाच वाढवतात. पट्टीचा पोहणारा बुडाला की गावभर बोललं जातं, कारण ते अघटित असतं. न पोहणारा बुडाला की "पाय घसरला" म्हणून विषय संपतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल पाहा. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं अपघाताने बुडून मरतात. ही काय सगळी पट्टीच्या पोहणाऱ्यांची गर्दी आहे? यात विहिरीत तोल गेलेली माणसं आहेत, पुरात सापडलेली आहेत, विसर्जनाला गळ्याइतक्या पाण्यात गेलेली पोरं आहेत. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हा समुद्र खवळलेला नव्हता, पावसाळाही नव्हता. म्हणीत खरं आहे ते एवढंच, की पोहता येणाऱ्याने पाण्याला गृहीत धरू नये. ही गोष्ट शिकणाऱ्याला शिकवायची असते. तिचा उपयोग शिकूच नये हे सांगायला करणं म्हणजे म्हणीचा गैरवापर आहे.

"ह्या वयात?" याला फार शब्द खर्च करणार नाही. जपानच्या मिएको नागाओका गुडघ्याच्या दुखण्यासाठी ऐंशीच्या सुमारास पोहण्याकडे वळल्या आणि 2015 मध्ये शंभराव्या वर्षी 1500 मीटर पोहून गेल्या. आपल्याकडचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले, पुढे पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. मालवणात चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे पिकल्या केसांची माणसं वेगळ्या वयोगटांत उतरतात. अमेरिकेत डॉ. रॅन्सम आर्थर यांच्या आग्रहामुळे 1970 मध्ये अमॅरिलो शहरात मोठ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि आज "मास्टर्स" या नावाने जगभर पंचवीस वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडून शर्यती होतात. वय आड येत नाही. आड येतं ते वेगळंच.

ते काय, हे समजायला एखाद्या तलावावरची मोठ्यांची पहिली बॅच पाहावी. आमच्या वाडीतल्या एक काकू मुलाकडे शहरात राहायला गेल्या आणि सुनेने त्यांचं नाव घातलं. मी सोबत गेलो होतो. डॉक्टरचा दाखला, फोटो, टोपी, नायलॉनचा कॉस्च्यूम, आधी अंघोळ, मग तलाव. काकूंनी लांब बाह्यांचा, पायघोळ कॉस्च्यूम घेतला होता, तरी टॉवेल खांद्यावरून काढायला त्यांना बराच वेळ लागला. समोर काय होतं? शेजारच्या पट्ट्यात सराव करणारी मुलं सपासप हात मारत होती. काठावर खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांवर त्या मुलांचे आईबाप. शिकवणारा वर कोरडा उभा, गळ्यात शिट्टी. "काकू, दांडा सोडा! चारच फूट पाणी आहे!" चार फूट त्यालाही दिसत होतं, काकूंनाही दिसत होतं. काकूंची बोटं त्या स्टीलच्या दांड्यावर अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. काकू वर आल्या, कपडे बदलले आणि घरी गेल्या. रस्त्यात एवढंच म्हणाल्या, "मला नाही जमायचं ते."

शिट्टीवाला पुढच्या बॅचकडे वळला तेव्हा त्याच्या मनात नक्की असंच आलं असणार की बाई भित्री आहे. माझा सगळा वाद या निष्कर्षाशी आहे. काकूंना पाण्याची भीती होती, यात शंका नाही. पण त्यांना बाहेर काढलं ते पाण्याने नव्हे. खुर्च्यांनी, शिट्टीने आणि शेजारच्या पट्ट्यातल्या वेगाने बाहेर काढलं. लहान मूल रडलं तर सगळे त्याला पोटाशी धरतात. पन्नाशीची बाई, जिने आयुष्यभर घरादाराला हिंमत दिली, तिने घाबरायचं कुठे आणि कुणासमोर? मोठ्या माणसाला बुडण्याइतकीच अप्रतिष्ठेची धास्ती असते. तलावावर दोन्ही एकाच क्षणी समोर येतात. याला भित्रेपणा म्हणणारे माणूस ओळखायला चुकतात.

भित्रेपणाचा विषय निघालाच आहे तर आमच्या परिसरातली एक गोष्ट नोंदवतो. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागातली जमीन गेली. त्याविरुद्धच्या आंदोलनात जून 1997 मध्ये पोलीस पहाटे वेलदूरच्या घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटका झाल्या. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी ते लिहून ठेवलं आहे. लाठीसमोर उभ्या राहिलेल्या याच गावांतल्या बाईला तुम्ही तलावाच्या काठावरून सांगणार, "हिंमत करा"? हिंमत तिच्याकडे तुमच्याहून जास्त आहे. तिच्याकडे नाही ती एक माहिती: पाण्यात शरीर कसं वागतं. आणि ती माहिती शिट्टी वाजवून देता येत नाही.

काही दिवसांनी काकू पुन्हा गेल्या. सुनेने दुसरा तलाव शोधला, दुपारची, फक्त मोठ्यांची बॅच. तिथल्या शिकवणाऱ्या बाई स्वतः पाण्यात उतरल्या आणि काकूंच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर उभ्या राहिल्या. दांडा सोडायला सांगितलंच नाही. म्हणाल्या, "धरूनच राहा. हनुवटी पाण्यात घाला आणि चुलीत फुंकर घालता तशी पाण्यात घाला." काकूंनी फुंकर घातली. बुडबुडे आले. मग ओठ, मग नाक, मग डोळे मिटून कपाळापर्यंत. त्या दिवसाचा धडा एवढाच. पाण्यात श्वास सोडायचा, वर येऊन घ्यायचा. सोपं वाटतं, पण नवशिक्याची सगळी तारांबळ इथेच उडते. तो श्वास छातीत कोंडून धरतो. आत कर्बवायू साठत जातो, जीव कासावीस होतो, आणि वर आल्यावर आधी सोडू की आधी घेऊ या गोंधळात तो पाणी गिळतो. पाण्यात सोडायची सवय लागली की वर आल्यावर फक्त घ्यायचं उरतं.

पुढच्या दिवशी त्या बाईंनी पोहायला शिकवण्याआधी उभं राहायला शिकवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. मोठ्या माणसाची खरी भीती तरंगण्याची नसतेच. पाय एकदा तळापासून सुटले की परत टेकतील का, ही असते. त्याची रीत ठरलेली आहे. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर येऊ द्यायचं, मग पाय सोडायचे. ठाव लागतो. ही एक गोष्ट हातात आली आणि काकूंची बोटं दांड्यावरून आपोआप सैल झाली. कुणी ओरडलं नव्हतं. तरंगणं नंतर आलं. छातीत हवा भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यावर राहतं. पाय जड म्हणून खाली जातात, कारण हवेच्या पिशव्या छातीत आहेत, मांड्यांत नाहीत. समुद्राचं पाणी खारं आणि जड, त्यात तर आणखी सोपं. हे कारणासकट सांगितलं की मोठा माणूस ऐकतो. लहान मुलाला कारण लागत नाही, मोठ्याला लागतं. मोठ्यांना शिकवण्यातला तो फायदाच आहे, अडचण नव्हे.

आता "ढकलून द्या" वाल्यांकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांनी केलं आहे. "आम्हाला असंच शिकवलं" हा त्यांचा पुरावा. मी त्यांना विचारतो, आठवून सांगा. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधलेला नव्हता का? पांगाऱ्याचं हलकं लाकूड? कमरेला दोर आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात? पाण्यात आधीच उतरून हात पसरलेला मोठा भाऊ? गावोगावच्या विहिरींवर वाडवडील पोहायला शिकवत ते हे सगळं करून. भोपळा रोज थोडा सैल व्हायचा, दोर थोडा ढिला, मग एक दिवस दोन्ही सुटायचे. त्यातला शेवटचा धक्का तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आणि आधीचे सगळे दिवस विसरले गेले. जुनी रीत क्रूर नव्हती. क्रूर आहे ती तिची ही अर्धवट आठवण.

आणि ज्यांना दोर-भोपळ्याशिवाय खरोखरच ढकललं, त्यांचं काय झालं? जे हातपाय मारून काठाला लागले ते आज फुशारकीने सांगतात. ज्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ज्यांना केसांना धरून वर काढलं, ते सांगत नाहीत. ते पाण्याजवळ पुन्हा गेलेच नाहीत. आज पन्नाशीत तलावाच्या फाटकाशी थबकलेल्या माणसाला विचारून पाहा, लहानपणीचा असा एखादा धक्का पुष्कळदा निघतो. म्हणजे ज्या उपायाची शिफारस चालली आहे, तोच या दुखण्याचं कारण आहे. भीती कशी जाते हे मानसशास्त्राला माहीत नाही असंही नाही. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची भीती घालवली. मूल आवडीचं खात असताना ससा दुरून, हळूहळू जवळ आणला, मूल बिथरणार नाही इतक्याच अंतरापर्यंत. ससा अंगावर फेकला नाही. शंभर वर्षं झाली याला.

यावर एक जरा बऱ्या पातळीचा आक्षेप येतो, त्याला मी मान देतो. तलावात चार हात मारायला शिकलेला माणूस समुद्रात फाजील धाडस करेल, त्यापेक्षा भीती बरी, असा तो आक्षेप. वाशिष्ठीच्या मुखाशी ओहोटीची ओढ मी पाहिली आहे, उधाणाच्या दिवशी तर चांगल्या पोहणाऱ्यानेही तिथे उतरू नये. तलावात शिकलेलं तिथे पुरत नाही, हे कबूल. पण भीती माणसाला पाण्यापासून लांब ठेवते हा समज कोकणात टिकत नाही. इथे पाणी घरी येतं. 22 जुलै 2021 ला हीच वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने गोळा केलेली माहिती वाचावी. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या कित्येक गावांत पुरुषांच्या कितीतरी पट बायका मेल्या. तमिळनाडूच्या कडलूरमध्येही मेलेल्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या अडीचपटीहून जास्त होती. कारणं अनेक होती: पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या, कडेवर पोरं होती. आणि त्यांतलं एक कारण हे, की मुलग्यांना पोहायला आणि झाडावर चढायला येत होतं, मुलींना शिकवलंच नव्हतं. वेलदूरच्या धक्क्यावर सकाळी होड्यांची वाट पाहणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वाचून झोप येऊ नये.

पुरात पोहून कुणी पार होत नाही, हेही खरं. पण तोंडावर पाणी आलं तर श्वास कोंडायचा नाही, उताणं पडून राहायचं, हाताला लागेल ते घट्ट धरून अंग सैल सोडायचं, एवढं ज्याला येतं त्याला काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत दोर येतो, होडी येते. म्हणून मोठ्यांच्या वर्गात फ्रीस्टाइलच्या आधी तरंगणं शिकवावं, आणि तेही अंगावर रोजचे कपडे असताना एकदा तरी. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पहिल्या पोहण्याच्या प्रमाणपत्रासाठी कपडे-बूट घालून पोहून दाखवावं लागतं, कारण तिथे माणसं कालव्यात पडतात ती कपड्यांनिशी. आमच्याकडेही खाडीत पाय घसरलेली बाई साडीतच असते. तलावावर सुती कपड्यांना मनाई असते याचं कारण रास्त आहे, सुताचे तंतू गाळणीत अडकतात. मग त्या एका दिवसापुरतं धुतलेल्या नायलॉनच्या साडीला परवानगी द्या. अडचण सोडवता येण्यासारखी आहे, सोडवायची इच्छा हवी.

रत्नागिरी जिल्ह्यात सावरकर 1924 ते 1937 स्थानबद्ध होते, त्यामुळे 8 जुलै 1910 च्या मार्सेलिसच्या उडीवर इथे दरवर्षी भाषणं होतात. ऐकताना माझ्या मनात एक गोष्ट येते. बोटीतून उडी मारल्यावर ते पोहत धक्क्याला लागले. पोहता येत नसतं तर ती उडी शेवटची ठरली असती. भाषण करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या बायकोला, आईला, बहिणीला पोहायला शिकवलं?

मला हवं ते फार मोठं नाही. अंजनवेलच्या माणसाला रोज चिपळूण-रत्नागिरीला जाऊन शिकणं परवडणार नाही. गुहागर तालुक्यात एक बंदिस्त, छातीइतक्या पाण्याचं टाकं आणि पाण्यात उतरून शिकवणारी एक बाई नि एक माणूस, एवढी सोय जिल्हा परिषदेने करावी. मोठ्यांची बॅच मोठ्यांचीच ठेवावी, मुलांच्या सरावाच्या वेळेत नाही. बायकांची वेळ वेगळी असावी. काठावरच्या खुर्च्या त्या तासापुरत्या उचलून ठेवाव्यात.

आणि तोवर ज्या कुणी मुंबई-पुण्याला मुलांकडे आहात आणि नाव घालायचं मनात आहे, त्यांनी फी भरण्याआधी खिडकीवरच तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणारे स्वतः पाण्यात उतरतात का? पहिला आठवडा दांड्याशी, ठाव लागणाऱ्या पाण्यात जाणार आहे का? त्या वेळेला बघे बाहेर थांबवता का? यातल्या एकाचंही उत्तर नाही आलं, तर लाजू नका, फॉर्म परत मागा आणि दुसरा तलाव शोधा. काकूंनी तेच केलं. गेल्या मे महिन्यात त्या गावी आल्या होत्या. दाभोळला जाताना फेरीबोटीत त्या कठड्यापाशी बसल्या, आणि शेजारच्या बाईला सांगत होत्या की आधी उभं राहायला शिका, पोहणं नंतर.